मुलांच्या डोळ्यांतील जिवाणूसंसर्ग: फॅमिली डॉक्टरकडे काय व्हावे आणि पुढे कधी पाठवावे

मोठ्या माणसांचे डोळे येतात तेव्हा कारण बहुधा विषाणू असतो. लहान मुलांत, विशेषतः बालवाडी आणि पहिली-दुसरीच्या वयापर्यंत, परिस्थिती उलट असते. त्यांच्या आलेल्या डोळ्यांपैकी निम्म्याहून अधिक डोळ्यांत जिवाणू सापडतात आणि ते बहुतेक ठरावीकच असतात: हिमोफिलस इन्फ्लुएन्झा, न्यूमोकोकस आणि मोराक्सेला. एरवी हे जिवाणू मुलांच्या नाका-घशात मुक्कामाला असतात. म्हणूनच सर्दीने नाक वाहू लागले की दोन-तीन दिवसांत डोळेही चिकटू लागतात, आणि कधी कधी त्याच वेळी कानही दुखू लागतो.

जिवाणू आहे म्हणजे अँटिबायोटिक हवेच, असे यावरून कोणालाही वाटेल, आणि मुंबईत व्यवहारही तसाच चालतो. सकाळी मुलाच्या पापण्या पिवळ्या चिपडांनी घट्ट चिकटलेल्या दिसतात, आईला नऊची लोकल गाठायची असते, पाळणाघरातल्या बाई मुलाला घ्यायला तयार नसतात, आणि खालच्या मेडिकलमधून चिठ्ठीशिवाय थेंबांची बाटली घरी येते. आईवडिलांची यातली घाई मला पूर्ण समजते. तरीही या आजाराबद्दल जे नीट तपासून कळले आहे ते त्यांच्यापर्यंत पोहोचायला हवे, कारण त्यावरून असे दिसते की बहुसंख्य मुलांचे डोळे औषधाविनाही आठवडाभरात बरे होतात, आणि मोजक्या मुलांच्या बाबतीत मात्र एक दिवसाचा उशीरही महागात पडतो. ही मोजकी मुले ओळखणे हेच प्राथमिक पातळीवरच्या डॉक्टरचे खरे काम आहे. बाटली लिहून देणे हा त्या कामाचा सर्वात सोपा भाग आहे.

इंग्लंडमध्ये ऑक्सफर्ड परिसरातल्या फॅमिली डॉक्टरांकडे आलेल्या ३२६ मुलांवर झालेली एक चाचणी २००५ साली प्रसिद्ध झाली. निम्म्या मुलांना क्लोरॅम्फेनिकॉल या अँटिबायोटिकचे थेंब दिले होते आणि निम्म्यांना तसेच दिसणारे, पण औषध नसलेले थेंब. सातव्या दिवशी औषध मिळालेल्यांपैकी ८६ टक्के मुले बरी झाली होती आणि औषध न मिळालेल्यांपैकी ८३ टक्के. फिनलंडमधली २०२२ सालची चाचणी लहान होती, तिच्यात फक्त ८८ मुले होती; पण तिने आणखी एक उपयुक्त गोष्ट दाखवली. तिथे मुलांचे तीन गट केले होते. मॉक्सिफ्लॉक्सासिनचे थेंब घातलेल्या मुलांना बरे व्हायला सरासरी ३.८ दिवस लागले, औषधविरहित थेंब घातलेल्यांना ४ दिवस, आणि काहीच न घातलेल्यांना ५.७ दिवस. म्हणजे थेंबांचा जो फायदा दिसला, त्यातला मोठा वाटा डोळा धुतला जाण्याचा असावा, असा अर्थ मी यातून घेतो. अँटिबायोटिक निरुपयोगी आहे, असा याचा अर्थ नाही. सगळ्या चाचण्या एकत्र पाहिल्या तर त्याने आजार थोडा लवकर आटोपतो, पण तो फरक थोडाच असतो.

म्हणून स्वच्छता हा इथे उपचारच आहे, आणि ती कशी करायची हे सविस्तर सांगणे भाग आहे. पाणी उकळून कोमट होईपर्यंत झाकून ठेवावे. आपले हात साबणाने धुवावेत. कापसाचा बोळा पाण्यात भिजवून, किंचित पिळून, आधी मिटलेल्या पापणीवर अर्धा मिनिट नुसता ठेवावा, म्हणजे सुकलेली चिपडे मऊ होतात. मग नाकाकडच्या कोपऱ्यापासून कानाकडे एकदाच पुसावे आणि तो बोळा फेकून द्यावा. पुढच्या वेळी नवा बोळा घ्यावा, आणि दुसऱ्या डोळ्यासाठी तर नक्कीच नवा. सुकलेली चिपडे नखाने ओढू नयेत. दिवसातून चार-पाच वेळा, आणि झोपून उठल्यावर हमखास, एवढे केले तरी डोळ्यातला जिवाणूंचा भार बराच कमी होतो. डोळ्यात आईचे दूध, मध, गुलाबपाणी किंवा तूप घालणे या काळात पूर्ण थांबवावे. काजळही थांबवावे, कारण एका डबीतले काजळ एकाच बोटाने घरातल्या सगळ्या मुलांना लावले जाते. एका खोलीत पाच-सहा माणसे आणि एकाच दोरीवर सगळ्यांचे टॉवेल, हे मुंबईतल्या असंख्य घरांचे वास्तव आहे. आजारी मुलासाठी वेगळी खोली ठेवा हा सल्ला तिथे व्यर्थ आहे, पण वेगळा पंचा आणि वेगळे उशीचे अभ्रे कोणत्याही घरात जमू शकते.

मग अँटिबायोटिक कधी द्यावे? पू भरपूर असेल आणि पुसल्यावर पुन्हा पुन्हा भरत असेल, दोन्ही डोळे आले असतील, स्वच्छता ठेवूनही तीन दिवसांत उतार नसेल, किंवा मुलाची प्रतिकारशक्ती एखाद्या आजाराने कमी झाली असेल, तर द्यावे. लगेच देणे आणि अजिबात न देणे, या दोन्हींमध्ये एक मधला मार्गही आहे आणि तो मला सर्वात पटतो. इंग्लंडमध्ये २००६ साली प्रसिद्ध झालेल्या, मोठी माणसे आणि मुले दोन्ही असलेल्या ३०७ रुग्णांच्या चाचणीत एका गटाला थेंबांची चिठ्ठी मिळण्याची सोय करून दिली होती, पण तीन दिवस वाट पाहून, गरज वाटली तरच ती घ्यायला सांगितले होते. त्या गटातल्या जवळजवळ निम्म्या लोकांना औषध वापरावेच लागले नाही, आणि त्यांचा त्रासही लगेच औषध मिळालेल्यांपेक्षा फारसा लांबला नाही. आपल्याकडे दवाखान्यात पुन्हा यायचे म्हणजे आणखी एक खाडा आणि पुन्हा फी, अशा वेळी ही पद्धत चांगली लागू पडते. मात्र चिठ्ठी देताना कोणत्या लक्षणांवर तीन दिवस न थांबता लगेच यायचे, हे तोंडी सांगून वर लिहूनही द्यायला हवे.

औषध कोणते, हा प्रश्न त्या मानाने सोपा आहे. क्लोरॅम्फेनिकॉलचे ०.५ टक्के थेंब पहिले दोन दिवस जागेपणी दर दोन तासांनी आणि मग दिवसातून चार वेळा, असे घालतात. ही बाटली फ्रिजमध्ये ठेवावी लागते, हे औषधवाल्याने सांगायला हवे आणि पुष्कळदा सांगितले जात नाही. मॉक्सिफ्लॉक्सासिनचे ०.५ टक्के थेंब दिवसातून तीन वेळा सात दिवस घालतात. दिवसभर घराबाहेर असणाऱ्या पालकांना ते सोयीचे जाते. टोब्रामायसिनही चालते. जे घालणे घराला जमेल ते औषध चांगले. रात्रीसाठी, किंवा थेंब अजिबात घालू न देणाऱ्या मुलासाठी, मलम उपयोगी पडते. त्याने काही वेळ धूसर दिसते, हे आधी सांगितले की घबराट होत नाही.

थेंब घालण्याच्या वेळीच बहुतेक घरांत रडारड होते आणि निम्मे औषध गालावर जाते. तीन-चार वर्षांच्या मुलाला उताणे निजवावे, डोळे मिटायला सांगावे आणि डोळ्याच्या नाकाकडच्या खळग्यात एक थेंब सोडावा. मुलाने डोळा उघडला की थेंब आपोआप आत उतरतो, पापणी ओढावी लागत नाही. अगदी लहान बाळाला कोणीतरी मांडीवर घेऊन त्याचे डोके स्थिर धरावे आणि दुसऱ्याने खालची पापणी हलकेच खाली करून तयार झालेल्या खोबणीत थेंब टाकावा. एकच थेंब पुरतो. बाटलीतला एक थेंबही डोळ्यात मावतो त्यापेक्षा मोठा असतो, त्यामुळे दुसरा थेंब वायाच जातो. बाटलीचे टोक पापणीला लागू देऊ नये. डोळ्यावर पट्टी बांधू नये, कारण पट्टीखाली उबेत पू साचून राहतो.

आता सर्वात काळजीचा मुद्दा. डोळ्यांच्या पुष्कळ थेंबांमध्ये अँटिबायोटिकबरोबर स्टेरॉइड, म्हणजे सूज आणि लाली दाबणारे औषध, मिसळलेले असते, आणि औषधाच्या नावाच्या शेवटी असलेले ‘डी’ हे अक्षर बहुधा त्यातल्या डेक्सामेथासोन या स्टेरॉइडचे असते. स्टेरॉइडने लाली एका दिवसात कमी होते, मूल हसू लागते, आणि ‘तेच थेंब द्या’ अशी मागणी शेजारीपाजारी पसरते. पण तो डोळा नागिणीच्या जातकुळीतल्या हर्पीस विषाणूने किंवा बुरशीने लाल झालेला असेल, तर हेच थेंब बुबुळावरची जखम वाढवतात, आणि लाली उतरल्यामुळे ती वाढते आहे हे कोणाच्या लक्षातही येत नाही. जखम भरली तरी मागे फूल पडते आणि नजर कायमची अधू होते. हे थेंब आठवडेन् आठवडे घातले गेले तर डोळ्यातला दाब वाढतो, मोतीबिंदूही होऊ शकतो. अँटिबायोटिक आणि स्टेरॉइड, दोन्ही थेंब कायद्याने चिठ्ठीशिवाय विकता येत नाहीत, पण केवळ कायद्यावर विसंबून चालणार नाही. नेत्रतज्ज्ञाने स्लिट लॅम्प या डोळ्यांच्या सूक्ष्मदर्शकाखाली डोळा तपासल्याशिवाय मुलाच्या लाल डोळ्यात स्टेरॉइड जाऊ नये, हा नियम फॅमिली डॉक्टरने स्वतःसाठी आणि पालकांनी घरासाठी ठरवून घ्यावा, असे मी आग्रहाने सांगेन.

दवाखान्यात मोठी यंत्रे नसली तरी तपासणी चांगली होऊ शकते. मूल आईच्या मांडीवर बसलेले असताना, हात न लावता, ते आपणहून डोळा उघडून इकडेतिकडे बघते का, हे आधी पाहावे. उजेडाकडे तोंडच करत नसेल, डोळा गच्च मिटून आईच्या खांद्यात डोके खुपसत असेल, तर दुखणे वरवरचे नाही. मग टॉर्च घ्यावा. बुबुळावर पडलेला प्रकाशाचा ठिपका स्वच्छ आणि रेखीव दिसला तर तिथला पारदर्शक पडदा, म्हणजे कॉर्निया, बहुधा गुळगुळीत आहे. ठिपका विसकटलेला दिसला किंवा बुबुळावर पांढुरका डाग दिसला तर तिथे जखम आहे असे समजावे. दोन्ही बाहुल्या सारख्या आहेत का, पापणीवर पाण्याचे बारीक फोड आहेत का, तेही पाहावे. थोड्या मोठ्या मुलाला एक डोळा झाकून भिंतीवरच्या कॅलेंडरमधले आकडे वाचायला सांगितले तर नजरेचा अंदाज येतो. फ्लुरेसीन या रंगाची कागदी पट्टी आणि निळ्या प्रकाशाचा टॉर्च या दोन स्वस्त वस्तू दवाखान्यात असाव्यातच. त्या प्रकाशात कॉर्नियावरचा ओरखडा हिरवा चमकतो. कानात ऑटोस्कोप घालून पाहायला तर विसरूच नये. चिकट डोळ्यांबरोबर कानाचा पडदा लाल आणि फुगलेला असेल, तर बहुधा हिमोफिलसचा संसर्ग असतो आणि तिथे थेंब पुरत नाहीत. अमॉक्सिसिलिन-क्लॅव्ह्युलॅनेटसारखे पोटात घेण्याचे औषध दिले की कान आणि डोळा दोन्ही बरे होतात.

पाण्यासारखा स्राव, कानाच्या पुढे दुखरी गाठ आणि घरात एकामागून एक सगळ्यांचे डोळे येणे, यावरून विषाणू ओळखावा. २०२३ च्या जुलैत आळंदीत सुरू होऊन राज्यभर पसरलेली आणि मुंबईनेही अनुभवलेली साथ विषाणूचीच होती. त्यात अँटिबायोटिकच्या बाटल्या भरमसाट खपल्या आणि त्यांचा विषाणूवर काडीचाही परिणाम होणार नव्हता. मूल सारखे डोळे चोळत असेल, खाज हीच मुख्य तक्रार असेल, तर ॲलर्जीचा विचार करावा. डोळे लाल, पण पू नाही, आणि ताप पाच दिवस उतरत नाही, ओठ-जीभ लालबुंद, असे असेल तर तो डोळ्यांचा आजार नाही, रक्तवाहिन्यांना सूज आणणारा कावासाकी रोग असू शकतो. अशा मुलाला बालरोगतज्ज्ञाकडे लगेच पाठवावे.

नवजात बाळाची गोष्ट पूर्ण वेगळी आहे. जन्मानंतरच्या पहिल्या २८ दिवसांत डोळे सुजून पू येऊ लागला तर ‘वाट पाहू’ हा सल्ला लागूच होत नाही. दुसऱ्या ते पाचव्या दिवसाच्या आसपास पापण्या टरारून सुजल्या आणि पू भळाभळा वाहू लागला, तर गोनोकोकस असू शकतो, आणि तो धडधाकट कॉर्नियाही एक-दोन दिवसांत भोसकू शकतो. पाचव्या ते चौदाव्या दिवसाच्या दरम्यान सुरू होणारा संसर्ग बहुधा क्लॅमिडियाचा असतो. तो दिसायला सौम्य, पण पुढे बाळाच्या फुप्फुसात उतरू शकतो. हे दोन्ही जिवाणू लैंगिक संबंधांतून पसरणारे आहेत आणि बाळाला ते जन्मताना आईकडून मिळतात. दोन्हींमध्ये नुसते थेंब पुरत नाहीत: पहिल्यासाठी रुग्णालयात सेफ्ट्रायाक्झोनसारखे इंजेक्शन, दुसऱ्यासाठी पोटातून एरिथ्रोमायसिन किंवा अ‍ॅझिथ्रोमायसिन लागते, आणि आई-वडील दोघांचीही तपासणी व उपचार करावे लागतात. हे सांगताना डॉक्टरने दार लावून, सासू-सासऱ्यांना बाहेर बसवून, कोणालाही दोष न देता बोलावे. नाहीतर ते कुटुंब दुसऱ्यांदा येतच नाही आणि उपचार अर्धवट राहतात. जन्मताच बाळाच्या डोळ्यात सिल्व्हर नायट्रेटचा थेंब घालण्याची पद्धत लाइपझिगच्या कार्ल क्रेडे यांनी १८८१ साली प्रसिद्ध केली, तेव्हा युरोपात हा संसर्ग मुलांच्या अंधत्वाचे एक मोठे कारण होता.

याच वयात एक निरुपद्रवी प्रकारही फार दिसतो. बाळाचा डोळा सारखा पाणावलेला, कडेला चिपडे, पण डोळ्याचा पांढरा भाग मात्र स्वच्छ पांढरा. इथे अश्रूंची नाकात उतरणारी नळी खालच्या टोकाला पुरती उघडलेली नसते, आणि मोरीचे तोंड बुजले की पाणी तुंबते तसे अश्रू डोळ्यात साचतात. अशा बाळांना महिनोन् महिने अँटिबायोटिकचे थेंब घालणे योग्य नाही. डोळ्याच्या आतल्या कोपऱ्यात, नाकाच्या हाडालगत, स्वच्छ बोटाने किंचित दाब देऊन खाली नाकाकडे मालिश करावे, एका वेळी पाच-दहा वेळा, दिवसातून तीन-चार वेळा. वर्षाच्या आत नव्वद टक्क्यांहून अधिक बाळांची नळी मोकळी होते. नंतरही राहिली तर नेत्रतज्ज्ञ ती बारीक सळईने उघडतात.

रांजणवाडीला गरम पाण्याचा शेक पुरतो. ती पिळू नये.

मात्र एका डोळ्याची पापणी लाल, गरम आणि सुजलेली असेल तर डॉक्टरने एकच प्रश्न स्वतःला विचारावा: सूज पापणीपुरती आहे की डोळ्याच्या खोबणीत शिरली आहे? नाकाच्या बाजूच्या सायनस, म्हणजे हाडांतल्या पोकळ्या, आणि डोळ्याची खोबण यांच्या मध्ये मुलांत अतिशय पातळ हाड असते, आणि सर्दीनंतर सायनसमधला पू ते ओलांडू शकतो. डोळा पुढे आलेला दिसणे, तो हलवताना दुखणे किंवा नीट न हलणे, एकाची दोन दिसणे, नजर मंदावणे, ताप आणि मलूलपणा, यांपैकी काहीही असेल तर मुलाला त्याच दिवशी मोठ्या रुग्णालयात न्यावे, कारण तिथे सीटी स्कॅन, शिरेतून अँटिबायोटिक आणि गरज पडल्यास शस्त्रक्रिया लागते, आणि उशीर झाला तर नजरच नव्हे, मेंदूही धोक्यात येतो. केईएम, सायन, नायर आणि जे. जे. या रुग्णालयांत नेत्र आणि कान-नाक-घसा दोन्ही विभाग आहेत, आणि परळचे वाडिया तर मुलांचेच आहे. डोळा पूर्ण उघडतो, सर्व दिशांना विनासायास फिरतो, मूल खेळते आहे आणि वय वर्षापेक्षा बरेच जास्त आहे, अशा सौम्य सुजेत पोटातले अँटिबायोटिक देऊन चोवीस तासांनी पुन्हा पाहण्याचा मार्ग घेता येतो, पण चोवीस तासांनी म्हणजे चोवीस तासांनीच.

डोळ्याला काही लागल्यानंतर, किंवा मोठ्या मुलीने-मुलाने कॉन्टॅक्ट लेन्स वापरल्यानंतर, डोळा लाल होऊन दुखू लागला तर थेंब देऊन घरी पाठवू नये. लेन्स काढून, ती डबीसकट सोबत घेऊन, त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञाकडे जावे.

आणि गोवर विसरू नये. २०२२ च्या शेवटी गोवंडी आणि आसपासच्या वस्त्यांत गोवराची मोठी साथ आली होती. ताप, खोकला, वाहते नाक आणि लाल डोळे एवढ्यावरच हा आजार सुरू होतो, पुरळ नंतर येते. कुपोषित मुलात अ जीवनसत्त्वाची कमतरता असेल तर गोवरानंतर कॉर्निया कोरडा पडून मऊ होतो, त्यात जिवाणू शिरतात आणि डोळा काही दिवसांत जाऊ शकतो. म्हणून गोवराच्या प्रत्येक मुलाला अ जीवनसत्त्वाचे डोस लागोपाठ दोन दिवस द्यायचे असतात: सहा महिन्यांखाली ५० हजार एकक, सहा ते अकरा महिने १ लाख, आणि वर्षापुढे २ लाख.

शाळा आणि पाळणाघराबद्दल पालक हमखास विचारतात. जोवर पू वाहतो आहे आणि मूल सारखे डोळ्याला हात लावते आहे, तोवर त्याला घरी ठेवावे. स्राव थांबला आणि मूल बरे असले की पाठवावे. थोडी लाली राहिली म्हणून आठवडाभर शाळा बुडवायची गरज नाही. ‘अँटिबायोटिक सुरू केले’ अशा दाखल्याशिवाय वर्गात घेणार नाही, ही काही शाळांची अट वैद्यकीयदृष्ट्या निराधार आहे आणि तिच्यामुळे विनाकारण औषधे लिहिली जातात. डॉक्टरांनी तसे शाळेला स्पष्ट लिहून कळवावे. ॲडिनोव्हायरस या विषाणूच्या साथीत मात्र संसर्ग दहा-चौदा दिवस टिकू शकतो, तेव्हा घरी ठेवण्याचे दिवस वाढवावे लागतात.

थेंब सुरू केल्यावर दोन-तीन दिवसांत उतार दिसायला हवा. तो दिसला नाही, किंवा आठवड्यानंतरही डोळा लालच राहिला, तर बाटली बदलत न बसता नेत्रतज्ज्ञाला दाखवावे. बाटली उघडल्याची तारीख तिच्यावर पेनाने लिहावी. क्लोरॅम्फेनिकॉलसारखी बाटली उघडल्यापासून २८ दिवसांनी, आणि उपचार त्याआधी संपला तर लगेच, उरलेल्या औषधासकट टाकून द्यावी. पुढच्या महिन्यात धाकट्याचे डोळे आले तर त्याच्यासाठी ती वापरू नये.